विंडोज किंवा लिनक्स टाकताना सेटअप अडकतो? दुकानात नेण्याआधी हे तपासा

गणपती आणि मे महिना. या दोन हंगामांत माझ्या टेबलावर एकाच दुखण्याचे लॅपटॉप येतात. मुंबईहून आलेले काका ऑफिसात बाद झालेला लॅपटॉप पुतण्याला देतात, बरोबर एक पेनड्राइव्ह देतात आणि सांगतात, "ह्यात नवीन विंडोज आहे, नेक्स्ट-नेक्स्ट करत जा." काका परतीच्या गाडीला बसतात आणि दोन दिवसांनी मुलगा तो लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हापासून तर हंगामाचीही वाट बघावी लागत नाही.

देवगड-मालवण पट्ट्यात हे काम मी इतक्यांदा केलंय की समोरच्याने दोन वाक्यं सांगितली की कुठे अडलंय ते बहुतेक कळतं. सेटअप स्वतः अवघड नाही. भाषा, डिस्क, नाव, पासवर्ड, एवढंच तो विचारतो. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातला निळा पडदा ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा. आज बारावीतली मुलगी हे काम एकटी करू शकते, आणि करतेही. माणूस अडतो तो सेटअप उघडण्याआधी, पेनड्राइव्ह आणि बायोसपाशी (मशीन चालू होताच, विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम आणि त्याची सेटिंग). आणि नंतर एका पानावर, जिथे डिस्क निवडायची असते. नेमक्या ह्याच दोन जागी सेटअप काही समजावून सांगत नाही.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ओळखा.

– पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, तरी जुनंच विंडोज उघडतं.
– पेनड्राइव्हवरून सुरू होतं, पण पडदा काळाच राहतो, किंवा 'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' असा संदेश येतो.
– फाइली कॉपी होताना मध्येच थांबतं.
– सगळं पूर्ण होतं, रीस्टार्ट होतं आणि परत पहिलंच पान येतं.
– ह्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही, असं म्हणतं.
– डिस्कच्या पानावर यादी रिकामी असते. किंवा डिस्क दिसते, पण खाली 'जीपीटी', 'एमबीआर' असं काहीतरी येतं आणि पुढे जाता येत नाही.
– शेवटी 'इंटरनेट जोडा' म्हणून अडून बसतं आणि वायफाय तर दिसतच नाही.

हात लावण्याआधी दोन कामं

पहिलं, फोटो, हिशोब, सर्टिफिकेटं, जे परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा, आणि मग ती बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवा हे मी मुद्दाम सांगतोय. एका घरी बॅकअप घेतलेली डिस्क जोडलेलीच राहिली, डिस्कच्या पानावर दोन्हींची नावं सारखीच दिसत होती, आणि मुलाने बॅकअपचीच डिस्क पुसली. आजोबांच्या एकसष्टीचे फोटो त्यात होते. ते मला परत आणता आले नाहीत, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

दुसरं, विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपात ते मालकाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. बायोसमधलं एखादं सेटिंग बदललं की मशीन हीच की मागतं, आणि ती नसेल तर आतला डेटा कुणालाच उघडता येत नाही. लॅपटॉप काकांच्या नावावर असेल तर ते गाडीला बसण्याआधीच विचारून घ्या.

आणि चार्जर लावून बसा. पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावा, नाहीतर उघाड पडेपर्यंत थांबा. फाइली उतरत असताना वीज गेली तर सेटअप अर्धवट राहतो आणि मशीन ना जुनं उघडतं ना नवं.

तपासण्या: फुकटच्या आधी

पेनड्राइव्ह काढला का? मालवणच्या एका होमस्टेवाल्या वहिनींचा फोन आला होता, "दादानू, सगळा झाला म्हणता आणि परत पयल्यापासून सुरू होता. तीन वेळा केलंय." तीन वेळा त्यांनी विंडोज नीट टाकलं होतं. फाइली उतरल्या की मशीन एकदा रीस्टार्ट होतं आणि उरलेलं काम डिस्कवरून करतं. पण बायोसमध्ये पेनड्राइव्हला पहिला मान दिलेला असेल तर ते पुन्हा पेनड्राइव्हच उघडतं आणि पहिलं पान दाखवतं. माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. पहिल्या रीस्टार्टला, पडदा काळा झाल्याबरोबर, पेनड्राइव्ह ओढून काढा. मिंट आणि उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) तर 'आता पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा' असं स्वतः सांगतात, पण ती ओळ इंग्रजीत असते आणि काळ्या पडद्यावर बारीक अक्षरात येते, त्यामुळे निसटते. माझ्याकडे येणाऱ्या 'परत पहिलंच पान'वाल्यांपैकी बहुतेकांचं काम इथेच संपतं.

पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढचा नको, मागचा वापरा, आणि मध्ये हब नको. 'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' हा संदेश फसवा आहे. तो वाचून लोक ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) शोधत बसतात. बहुतेक वेळा सेटअपला आपलाच पेनड्राइव्ह नीट वाचता येत नसतो, एवढाच त्याचा अर्थ. खाडीकाठच्या घरांत पोर्टच्या आतल्या पितळी पट्ट्या काळवंडतात, पेनड्राइव्ह लागतो पण सैल बसतो.

बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी, नीट उघडला का? मशीन चालू करताना एक बटण दाबत राहावं लागतं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, एसरला एफ १२ (पण आधी एफ २ ने बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो), एसुसच्या लॅपटॉपला एस्केप. वेळ साधत नसेल तर चालू विंडोजमधून जा: शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्टवर क्लिक करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा. यामागे कारण आहे. 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धं झोपतं आणि दुसऱ्यांदा पटकन उठतं. त्या घाईत तुमचं बटण त्याला कळतच नाही. रीस्टार्ट मात्र खरं असतं.

पेनड्राइव्ह कसा बनवलाय? इथे जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. उतरवलेली आयएसओ फाइल (अख्खा सेटअप एकाच फाइलीत) नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. मशीन सुरू होताना पेनड्राइव्हवर ठरावीक जागी ठरावीक मांडणी शोधतं. नुसती फाइल टाकली तर त्याच्या दृष्टीने पेनड्राइव्ह रिकामाच. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आहे, ते फाइल उतरवून पेनड्राइव्हही बनवतं. त्याला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. लिनक्ससाठी रुफस किंवा एचर ही टूल्स. काही जण आयएसओ उघडून आतल्या फाइली हाताने कॉपी करतात, तेही फसतं. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते.

मग फाइल पूर्ण उतरली आहे का ते बघा. आमच्या वाड्यांवर रेंज येते-जाते. मोबाइल डेटावर पाच-सहा जीबी उतरवताना मध्ये खंड पडला की फाइल दिसायला पूर्ण, आतून सडकी निघते, नारळ निघतो तशी. लिनक्सच्या प्रत्येक आयएसओबरोबर साइटवर एक लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ दिलेली असते, 'शा २५६' नावाची. रुफसमध्ये फाइल निवडून चेकसमचं बटण दाबलं की तुमच्या फाइलची ओळ दिसते. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवा. जुळली तर फाइल चांगली, नाही तर पुन्हा उतरवा, पुढचं काही करू नका.

आणि पेनड्राइव्ह स्वतः खोटा असू शकतो. बाजारात स्वस्तात '६४ जीबी' म्हणून मिळणाऱ्या काहींमध्ये खरी जागा फार थोडी असते. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, पण आत काहीच राहत नाही. दुसऱ्या, चांगल्या पेनड्राइव्हवर तेच करून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा.

कॉपी होताना थांबत असेल तर कुठे थांबतं ते लिहून ठेवा. मी कागदावर टक्के लिहितो. दर वेळी त्याच आकड्याला थांबत असेल तर दोष बहुधा फाइलीत किंवा पेनड्राइव्हमध्ये. एकदा २३, एकदा ६१, एकदा ९ असं होत असेल तर रॅम, गरमी किंवा डिस्क. मात्र जुन्या हार्डडिस्कवर एकाच टक्क्यावर वीस मिनिटं बसणं हे अडकणं नव्हे. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका.

काळा पडदा येत असेल आणि तुम्ही मिंट टाकत असाल, तर सुरुवातीच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आहे, तो निवडा. ग्राफिक कार्डाशी भांडण असेल तर तेवढ्याने उघडतं.

थोड्या पैशाचं, थोड्या धीराचं

तारीख बघा. बायोसमध्ये गेलात आणि तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर आतला सीआर २०३२ नाण्याएवढा सेल संपलाय. तो संपला की वीज गेल्यावर डेस्कटॉप बायोसची सेटिंग विसरतो, म्हणजे काल तुम्ही बदललेलं आज पुन्हा मूळपदावर. शिवाय चुकीच्या तारखेमुळे इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि सेटअप शेवटी अडतो. डेस्कटॉपचा सेल घरी बदलता येतो: वायर काढून, झाकण उघडून, नवा सेल जुना होता तसाच वरची बाजू वर ठेवून. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायरीला जोडलेला असतो, तो माझ्यासारख्याकडे सोडा.

'विंडोज ११ चालणार नाही' म्हणत असेल तर लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (ही दोन्ही सुरक्षेची सोय) लागतं. बऱ्याचदा हे टीपीएम मशीनमध्ये असूनही नुसतं बंद असतं. बायोसमध्ये इंटेलला ते 'पीटीटी' आणि एएमडीला 'एफटीपीएम' नावाने असतं, ते चालू करा. प्रोसेसरच यादीत बसत नसेल (इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे) तर मी आडमार्गाने ११ टाकून देत नाही. ते चालतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या हाती असं मशीन द्यायला माझं मन होत नाही. अशा लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट २२ टाकतो. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि ४ जीबी रॅमवर पत्रं, हिशोब, ब्राउझर नीट चालतात.

मिंटचा मला आवडणारा गुण असा, की पेनड्राइव्हवरून आधी तो नुसता चालतो, डिस्कला हात लावत नाही. तेव्हाच वायफाय जोडा, गाणं लावा, माउसपॅड फिरवा, एक कागद प्रिंट करा. जे तेव्हा चालतं ते सहसा नंतरही चालतं. पटलं तरच 'इन्स्टॉल'वर दोनदा क्लिक करा. एक मात्र करा: कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि मराठी नंतर जोडा. लॉगिनचं नाव इंग्रजी अक्षरांतच घ्यावं लागतं, आणि पासवर्ड मराठीत पडला तर पुढे लॉगिनच्या पानावर तो जुळता जुळत नाही.

शेवटी इंटरनेटपाशी अडलं तर वायफायचा ड्रायव्हर नाही, इतकंच. फोन केबलने जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मशीनला ते वायरीचं नेट वाटतं. आत गेल्यावर ड्रायव्हर उतरवून घ्या.

परवान्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, हेही इथेच सांगतो. कंपनीने विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपची की विंडोज ८ च्या काळापासून मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती, होमच्या जागी होम, टाकली की नेट जोडल्यावर परवाना आपोआप चालू होतो.

डिस्कचं पान

इथे मी प्रत्येकाला सांगतो, माउसवरचा हात काढा आणि आधी वाचा.

आकड्यांवरून डिस्क ओळखा. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेली डिस्क विंडोजच्या सेटअपमध्ये ४७७ च्या आसपास दिसते, २५६ ची २३८ आणि १ टीबीची ९३१. चोरी झालेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. चौदा-पंधरा जीबीची जी 'डिस्क' दिसते तो तुमचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह.

दुसरा घोळ डी ड्राइव्हचा. लोक म्हणतात, "माझं सगळं डीमध्ये आहे, सी पुसला तरी चालेल." पण सी आणि डी बहुतेक लॅपटॉपात एकाच डिस्कवर असतात. एकाच कुणग्यात (भाताच्या खाचरात) मधे मेर, म्हणजे बांध, घालून दोन वाटे केलेले असावेत तसे. विंडोजमध्ये डीला हात न लावता नुसता सीचा वाटा निवडता येतो. मिंटमध्ये मात्र 'इरेज डिस्क' म्हटलं की मेरेसकट अख्खा कुणगा नांगरला जातो. त्या एका ओळीत तो सगळं सांगतो, पण 'डी पण जाईल' असं साध्या शब्दांत सांगत नाही. सेटअप बनवणाऱ्यांनी ही एक ओळ वाढवावी असं मला मनापासून वाटतं.

यादी रिकामी असेल तर डिस्क मेली असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपात डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या, तो उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा. एक्सपीच्या वेळी हेच काम एफ ६ दाबून फ्लॉपीवरून करावं लागे. त्या फोल्डरच्या नावात आजही एफ ६ आणि फ्लॉपीची अक्षरं असतात.

'जीपीटी-एमबीआर'चा (डिस्कच्या नव्या-जुन्या मांडणीचा) संदेश आला तर बहुधा पेनड्राइव्ह जुन्या 'लेगसी' पद्धतीने उघडलाय आणि डिस्क नव्या 'यूईएफआय' पद्धतीची आहे, किंवा उलट. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकापुढे 'यूईएफआय' असतं. दुसरा निवडून बघा. नेटवर याच्यासाठी डिस्क 'क्लीन' करायची कमांड सापडते. ती अख्खी डिस्क पुसते. बॅकअप हातात नसेल तर ती टाईप करू नका.

आतलं: रॅम आणि डिस्क

टक्के दर वेळी बदलत असतील तर इथे यावं लागतं. खाडीकडे खिडकी असलेल्या एका खोलीतला डेस्कटॉप दोन पावसाळे तिथेच होता. रॅमची पट्टी काढली तर सोनेरी दातांवर राखाडी थर, आणि दोन दातांच्या मध्ये पांढरट पूड. खारी हवा आणि ओल. साध्या पांढऱ्या खोडरबराने दात एकाच दिशेने हलके पुसले, चुरा ब्रशने झाडला, पट्टी दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबली, आणि जो सेटअप चार वेळा पडला होता तो एका दमात झाला. डेस्कटॉपवर हे तुम्ही करू शकता: वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज घालवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच पट्टीला. त्यानंतरही शंका असेल तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा. एकही चूक दिसली तर ती पट्टी बाद.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रामने बघता येते. 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि आत एकमेव डेटा आहे: मशीन लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने वाचायची शक्यता कमी होते. बिटलॉकर की मागतंय आणि की सापडत नाही: काहीही फॉरमॅट करू नका, आधी जुन्या मालकाला गाठा. चुकून भलतीच डिस्क पुसली: त्यावर पुढे काहीही कॉपी न करता बंद करा. आहे ते विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवंय आणि बायोसमध्ये डिस्क जोडायची पद्धत 'आरएसटी'ची 'एएचसीआय' करायला सांगितलं जातंय: तसंच बदललं तर जुनं विंडोज उघडेनासं होतं, हे माहीतगाराकडून करून घ्या. बॅटरी फुगून माउसपॅड वर आलाय: सेटअप राहू दे, चार्जर काढा. आणि बायोसला कंपनीचा पासवर्ड असेल तर ज्या ऑफिसातून लॅपटॉप आला तिथेच विचारावं लागेल.

येताना सोबत हे आणा: अडलेल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, टक्क्यांचा कागद, जो पेनड्राइव्ह वापरला तोच पेनड्राइव्ह, आणि चार्जर. चार्जर बरेच जण घरी विसरतात आणि मग पुरळ किंवा आचऱ्याहून दुसरी खेप पडते.